षष्ठीचा घोटाळा: ज्यूंचे पंक, ज्यू पंक आणि आजोबांची गोष्ट

न्यूयॉर्कच्या पंक संगीताचा, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या वेगवान, खडबडीत रॉकचा, विषय निघाला की ‘ते सगळे ज्यूच तर होते’ असे कोणीतरी म्हणतेच, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. रमोन्स या बँडचा गायक जोई रमोन म्हणजे जेफ्री हायमन आणि ड्रमर टॉमी रमोन म्हणजे तमाश एर्देई, हे दोघेही ज्यू होते. ज्या सीबीजीबी नावाच्या बारमध्ये हे संगीत वाढले, त्याचा मालक हिली क्रिस्टल ज्यू होता आणि १९७६ साली रमोन्सची पहिली रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा प्रमुख सीमूर स्टाइन हाही ज्यू होता. लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा व्यवस्थापक मॅल्कम मॅक्लॅरेन याची आई ज्यू होती, आणि क्लॅश या बँडचा व्यवस्थापक बर्नी रोड्स ज्यू होता. या यादीवरून पंक हे मुळात ज्यू संगीतच आहे असा निष्कर्ष जेव्हा काढला जातो, तेव्हा मात्र दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मराठीत हा भेद व्याकरणानेच दाखवता येतो. ‘ज्यूंचे पंक’ यातली षष्ठी फक्त कर्ता सांगते, तर ‘ज्यू पंक’ यातले विशेषण त्या संगीताचा आशय सांगते. पहिल्यात ज्यू असणे हा जन्माचा योगायोग असू शकतो; दुसऱ्यात ते जाणूनबुजून हाती घेतलेले काम असते.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण टॉमी रमोनचेच आहे. त्याचा जन्म १९४९ साली बुडापेस्टमध्ये झाला. त्याचे आईवडील छायाचित्रकार होते, आणि शेजाऱ्यांनी लपवून ठेवल्यामुळे ते होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचले. त्याचे अनेक नातेवाईक मात्र मारले गेले. १९४४ साली मे ते जुलै या दोन महिन्यांच्या आत हंगेरीच्या ग्रामीण भागातून आणि छोट्या शहरांतून सुमारे ४,३७,००० ज्यूंना हद्दपार करण्यात आले होते, आणि त्यांतले बहुतेक जण ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे बुडापेस्टमध्ये कोणाच्या तरी घरात लपून राहणे याचा अर्थ कळतो. हे कुटुंब १९५७ साली अमेरिकेत आले. आता रमोन्सची पहिली रेकॉर्ड पाहावी. तिच्यातल्या पहिल्याच गाण्याच्या शीर्षकात ‘ब्लिट्झक्रीग’ हा नाझी सैन्याच्या झंझावाती हल्ल्यांसाठीचा शब्द आहे, आणि ते गाणे मुख्यतः टॉमीनेच लिहिलेले आहे. शेवटच्या गाण्याचा निवेदक तर नाझी सैनिकच आहे. त्यातली एक ओळ सीमूर स्टाइनच्या आक्षेपामुळे बदलावी लागली, तरी ‘नाझी’ हा शब्द दुसऱ्या ओळीत राहिलाच. जर्मनीत वाढलेल्या आणि नाझी काळातल्या वस्तू जमवण्याचा नाद असलेल्या बँडच्या बासवादकाची, डी डी रमोनची, छाप या सगळ्यावर आहे, हे खरे. तरीही होलोकॉस्टमधून वाचलेल्यांचा मुलगा त्यामागे ढोल बडवत होता, आणि या गाण्यांत त्याच्या घरचा इतिहास कुठेही नाही.

ही गाणी म्हणजे लपवलेली वेदना आहे असे वाचणे मोहक असते, आणि पंकवरच्या बऱ्याच लेखनात तसे वाचन झालेले आहे. मला ते पटत नाही, निदान पूर्णपणे पटत नाही. घरात ज्या विषयावर कोणी बोलत नाही त्याची बाहेर टवाळी करणे, ही दुसऱ्या पिढीची ओळखीची रीत असेलही. पण श्रोत्याला त्या गाण्यात घर दिसत नाही, फक्त टवाळी दिसते. लंडनमध्ये तर ही टवाळी फॅशन झाली होती. मॅक्लॅरेन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांच्या दुकानात नाझी स्वस्तिकाचे शर्ट विकले जात, आणि गायिका सूझी स्यू दंडावर तसलीच पट्टी बांधून मिरवत असे. (आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाशी त्या आकाराचा संबंध जोडून या वादात पडण्यात अर्थ नाही, तिथे त्या खुणेचा अर्थ एकच होता.) १९७६ च्या सप्टेंबरात लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये सूझीच्या बँडला क्लॅशची वाद्ये आणि यंत्रे वापरायची होती, तेव्हा त्या स्वस्तिकामुळेच बर्नी रोड्सने नकार दिला. एकाच चळवळीतल्या दोन व्यवस्थापकांपैकी, दोघांच्याही घरी ज्यू वारसा असताना, एक जण ती खूण विकतो आणि दुसरा त्या खुणेपायी यंत्रे नाकारतो. रक्ताच्या नात्यावरून संगीताचा आशय ठरत असता, तर असे झाले नसते.

या दोन प्रकारांच्या सीमेवरचे एक गाणे मात्र आहे. ५ मे १९८५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पश्चिम जर्मनीत बिटबुर्ग इथल्या लष्करी दफनभूमीला भेट दिली. तिथे वाफेन-एसएसच्या (नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ शाखेच्या) ४९ सैनिकांच्या कबरी आहेत, हे आधीच जाहीर झाले होते आणि त्यावरून अमेरिकेत मोठा गदारोळ उठला होता. जोई रमोन संतापला, आणि डी डी व संगीतकार जाँ बोव्हार यांच्यासह त्याने रेगनवर थेट गाणे लिहिले. शीर्षकात रेगन यांच्या एका जुन्या सिनेमातल्या चिंपांझीचे नाव आणि बिटबुर्गचे नाव एकत्र आणले. हा सरळसरळ एका ज्यू माणसाचा राग होता. पण गिटारवादक जॉनी रमोन रेगनचा कट्टर समर्थक होता, आणि पुढच्या वर्षी गाणे अल्बमवर आले तेव्हा त्याच्या हट्टामुळे बिटबुर्ग कंसात गेले आणि शीर्षकाच्या जागी ‘माझा मेंदू उलटा लटकतो आहे’ अशा अर्थाची ओळ आली. ज्यूंचे पंक ज्यू पंक होण्याच्या किती जवळ येते आणि कुठे अडते, हे त्या कंसात दिसते.

ज्यू पंक ही गोष्ट तुलनेने उशिराची, लहान आणि बरीच विनोदी आहे. मेलबर्नमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या यिडकोर या बँडने प्रार्थना, सणांची गाणी आणि लग्नात नाचताना म्हणतात ती गाणी पंकच्या वेगाने वाजवली, आणि २००५ साली ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीतिकेची गाणी घेऊन एक आख्खा अल्बम काढला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा मोशियाख ऑय! हा बँड तर धर्मनिष्ठ ज्यूंचा आहे आणि त्यांची गाणी देवाविषयीच असतात. डेट्रॉइटहून येऊन बर्लिनमध्ये अनेक वर्षे राहिलेला डॅनियल कान यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा), इंग्रजी आणि जर्मन भाषांत गातो. त्याचे एक गाणे नाझींशी लढलेला ज्यू कवी अब्बा कोव्हनेर याच्या गटाने युद्धानंतर जर्मनांवर सूड घेण्यासाठी आखलेल्या बेतावर आहे. इथे विषय, भाषा आणि चाली ज्यू आहेत, आणि साठ लाख मारलेल्यांपैकी बहुसंख्यांची भाषा यिडिश होती, तेव्हा त्या भाषेत ओरडून गाणे याला आपोआप एक अर्थ येतो. आशय एका परंपरेचा आणि साचा दुसरीचा, ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. कोकणातल्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली आणि केली. ती ‘ज्यूंची कीर्तने’ होतीच, पण ‘ज्यू कीर्तने’ही होती.

यिडकोरचा गायक ब्रॅम प्रेसर याच्यामुळे दुसरी, अधिक अवघड गल्लत समोर येते. मेलबर्नमध्ये होलोकॉस्टमधून वाचलेल्यांची, शहराच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठी वस्ती होती, आणि युद्धापूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियातून आलेले त्याचे आजी-आजोबा त्यांपैकीच होते. आजोबांच्या मृत्यूनंतर एका वृत्तपत्रात त्यांच्याविषयी लेख आला. नाझींनी प्रागमध्ये म्हणे ‘नामशेष वंशाचे संग्रहालय’ काढायचे ठरवले होते, आणि त्याच्या ग्रंथविभागासाठी या आजोबांना निवडले होते. घरच्यांनी ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती. नातू शोधाला लागला, आणि २०१७ साली ‘द बुक ऑफ डर्ट’ हे पुस्तक आले. त्याला पुढच्या वर्षी न्यू साउथ वेल्सचा कादंबरीसाठीचा पुरस्कार मिळाला. आता हे पुस्तक आजोबांची गोष्ट आहे का? इथे षष्ठी पुन्हा घोटाळा करते. ‘आजोबांची गोष्ट’ म्हणजे आजोबांनी सांगितलेली गोष्ट, आणि आजोबांविषयीची गोष्टही. पहिली साक्ष असते. दुसरी कोणीही सांगू शकतो, आणि ती कशी सांगायची याची त्याला बरीच मोकळीक असते.

प्रेसरच्या बाबतीत तर मूळ बातमीच पक्की नव्हती. प्रागचे ज्यू संग्रहालय खरे आहे. १९४२ पासून एसएसच्या देखरेखीखाली, पण ज्यू कर्मचाऱ्यांच्याच हातून, बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या रिकाम्या झालेल्या सिनेगॉगांतल्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांतल्या) वस्तू तिथे आणून नोंदवल्या जात होत्या, आणि त्या कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांना नंतर मृत्यूच्या छावण्यांत पाठवले गेले. पण ‘नामशेष वंशाचे संग्रहालय’ या नावाला युद्धकाळातला कागदोपत्री आधार अभ्यासकांना मिळालेला नाही. शिवाय प्रागजवळ तेरेझिनला नाझींनी ज्यूंना डांबले होते त्या वस्तीत लुटलेल्या हिब्रू ग्रंथांची वर्गवारी करायला लावलेला ज्यू विद्वानांचा एक गट होता, त्याला, तालमूद या ज्यू धर्मग्रंथावरून, ‘तालमूद-कमांडो’ म्हणत. म्हणजे दंतकथा एकीकडे, तिच्याशी मिळतीजुळती खरी घटना दुसरीकडे, आणि ज्याला विचारायचे तो माणूस गेलेला. अशा वेळी आत्मकथन लिहिणाऱ्याला ‘इथे मला काही कळत नाही’ असे म्हणून थांबावे लागते. कादंबरीकार पुढे जाऊ शकतो, पण त्यासाठी त्याने पुस्तकाला कादंबरी म्हटले पाहिजे, आणि प्रेसरने तसे म्हटले.

तसे न म्हणता पुढे गेले की काय होते, हे १९९५ साली जर्मनमध्ये निघालेल्या बिन्यामिन विल्कोमिर्स्की यांच्या बालपणीच्या आठवणींवरून दिसले. रिगा शहराच्या आणि मायदानेकच्या नाझी छावणीच्या त्या आठवणींना पुरस्कार मिळाले, वाचलेल्या लोकांनी लेखकाला आपलेसे केले. १९९८ साली डॅनियल गान्झफ्रीड या पत्रकाराने दाखवून दिले की लेखक स्वित्झर्लंडमध्येच जन्मलेला ब्रूनो ग्रोजाँ आहे, ज्यूही नाही. पुढच्या वर्षी प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. तेव्हा काहींनी सुचवले होते की तेच पुस्तक कादंबरी म्हणून वाचावे. हा उपाय मला चुकीचा वाटतो. त्या पुस्तकातली तुटक वाक्ये ‘मूल असेच आठवते’ या भरवशावर उभी होती. तो भरवसा काढला की मागे वाईट कादंबरी उरते.

उलट दिशेची चूकही झालेली आहे. आर्ट स्पीगेलमन यांनी आपल्या वडिलांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींवरून काढलेल्या ‘माउस’ या चित्रकथेचा दुसरा खंड १९९१ साली न्यू यॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत कल्पित साहित्यात टाकला गेला, कारण त्यात ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरे आहेत. स्पीगेलमन यांनी पत्र लिहून आक्षेप घेतला, आणि वृत्तपत्राने पुस्तक दुसऱ्या यादीत हलवले. प्राण्यांचे मुखवटे हा सांगण्याचा प्रकार होता. सांगितलेले मात्र वडिलांचे होते. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीतले संवाद सभेत इतिहास म्हणून म्हटले जातात आणि कोणी हटकत नाही, तेव्हा या काटेकोरपणाचे थोडे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. पण होलोकॉस्ट घडलाच नाही असे म्हणणारे लोक जिथे टपलेले असतात, तिथे एका पुस्तकाची यादी चुकणे ही नुसती कारकुनी चूक राहत नाही.

हा भेद सर्वांत स्वच्छ दिसतो तो एकाच घरातल्या दोन पुस्तकांत. जोनाथन सॅफ्रन फोअर महाविद्यालयीन वयात, आपल्या आजोबांना वाचवले असे मानल्या गेलेल्या स्त्रीचे छायाचित्र घेऊन, युक्रेनमधल्या त्रोखेनब्रोद या गावाच्या शोधात गेला. पूर्णपणे ज्यूंचे असलेले ते गाव १९४२ साली रहिवाशांसकट संपवले गेले होते. त्याच्या हाती काही लागले नाही. त्या काही न सापडण्यातूनच त्याने २००२ साली कादंबरी लिहिली: गावाचे नाव किंचित बदलून त्याला शतकांचा कल्पित, चमत्कारिक इतिहास दिला, आणि नायकाला मात्र स्वतःचेच नाव ठेवले, म्हणजे गल्लत करायला वाचकाला जणू आमंत्रणच दिले. त्याची आई एस्तर सॅफ्रन फोअर यांना त्याच गावाविषयी वेगळा प्रश्न होता. त्यांच्या वडिलांना युद्धापूर्वी पत्नी आणि मुलगी होती आणि त्या दोघी मारल्या गेल्या, हे एस्तर यांना बऱ्याच मोठ्या वयात आईकडून, बोलता बोलता, कळले होते. २००९ साली त्या थोरल्या मुलाला घेऊन युक्रेनला गेल्या, गावकऱ्यांना भेटल्या, आणि २०२० साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात चमत्कार नाहीत. कोणी काय सांगितले, कोणता कागद कुठे मिळाला, कोणते छायाचित्र कोणाचे, हेच बहुतांशी आहे, आणि मुलाच्या कादंबरीच्या मानाने ते पुष्कळ संथ आहे. त्या साऱ्या खटपटीच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती: आपल्या सावत्र बहिणीचे नाव काय होते, हे त्यांना माहीत नव्हते. मुलाने आपल्या कादंबरीत त्या मुलीला कोणतेही नाव दिले असते तरी चालले असते. आईला ते शोधावे लागले.