परदेशी जाणारा ठेवा : ‘एए’ श्रेणीमागची पार्श्वभूमी

जून २०२२ मध्ये मंगोलियातील बुद्धपौर्णिमेच्या निमित्ताने कपिलवस्तूचे म्हणून ओळखले जाणारे बुद्धाचे चार पवित्र अवशेष अकरा दिवसांसाठी मंगोलियाला नेण्यात आले आणि उलानबातरच्या मठात दर्शनासाठी ठेवण्यात आले. हे अवशेष २०१५ पासून ‘एए’ श्रेणीत आहेत, त्यांच्या नाजूकपणामुळे एरवी ते देशाबाहेर पाठवले जात नाहीत, मात्र मंगोलियाच्या विशेष विनंतीवरून अपवाद करण्यात आला आहे, असे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. ही श्रेणी नेमकी काय आहे आणि तिला अपवाद कोण करू शकतो, हे समजून घ्यायचे तर सरकारी खर्चाने परदेशात भरलेल्या भारतीय कलाप्रदर्शनांचा इतिहास पाहावा लागतो.

वसाहतकाळातील प्रदर्शनांचा हेतू वेगळा होता. १८८६ मध्ये लंडनला भरलेल्या प्रदर्शनात ‘पारंपरिक कारागीर’ म्हणून बसवलेल्यांपैकी बरेच जण आग्र्याच्या तुरुंगात काम शिकलेले कैदी होते, एवढी एक गोष्ट त्याबद्दल पुरेशी बोलकी आहे. स्वतंत्र भारताचे पहिले मोठे प्रदर्शन १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये भरले. त्याची तयारी फाळणीपूर्वीच सुरू झाली होती, त्यामुळे उद्घाटनापर्यंत त्याच्या नावात दोन देश आले. परतलेल्या वस्तू १९४८ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, मांडण्यात आल्या आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी त्यातूनच देशाचे मध्यवर्ती संग्रहालय उभे राहिले. या वस्तू ठिकठिकाणच्या संग्रहालयांकडून उसन्या घेतलेल्या होत्या आणि त्यांपैकी कित्येक मूळ जागी परत न जाता दिल्लीतच राहिल्या. उसने नेलेले परत कधी आणि कोणाकडे जाते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

ज्याला आपण ‘भारत महोत्सव’ म्हणतो ती परदेशांतील सरकारी प्रदर्शनांची मालिका १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. १९८५-८६ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स, १९८७ मध्ये सोव्हिएत संघ आणि १९८८ मध्ये जपान असा तिचा क्रम आहे. १९७१ च्या युद्धानंतर अमेरिकेशी आलेला दुरावा कमी करणे आणि मॉस्कोशी असलेली मैत्रीही तितक्याच थाटात मिरवणे, ही दोन्ही कामे या प्रदर्शनांकडून अपेक्षित होती. प्रदर्शनाची तारीख पंतप्रधानांच्या दौऱ्याला जोडलेली असे. जून १९८५ मध्ये वॉशिंग्टनला नेमके हेच झाले. आधुनिक चित्रकारांना या सगळ्यात जागा मिळाली, पण ती पुरवणीसारखी. यजमानांना हवे होते ते दगड आणि कांस्य, आणि तेही पाठ्यपुस्तकांतून ओळखीचे झालेले.

दीदारगंजची यक्षी अशीच निवडली गेली. १९१७ मध्ये पाटण्याजवळ गंगेच्या काठी सापडलेली ही मूर्ती चुनारच्या वालुकाश्मातून घडवलेली आहे. चौथरा सोडून तिची उंची पाच फुटांहून अधिक भरते. उजव्या हातातली चवरी खांद्यावरून मागे गेली आहे आणि डावा हात सापडला तेव्हापासूनच नाही. तिचा काळ मौर्य की त्यानंतरचा, याबद्दल मतभेद आहेत. पण तिच्या अंगावरची झिलई अशी की दोन हजार वर्षे जुन्या दगडावर आजही उजेड चमकतो. अमेरिकेतील महोत्सवासाठी झालेल्या या प्रवासात तिच्या चेहऱ्याला इजा झाली. टवका लहानसा होता, पण अशा झिलईवर उडालेला टवका बुजवता येत नाही. त्यानंतर ही मूर्ती पुन्हा परदेशी पाठवायची नाही, असे ठरले.

हा निर्णय योग्यच होता. मात्र तो एका मूर्तीपुरता आणि घाव बसल्यानंतर झाला. एखादी वस्तू प्रवास सोसेल की नाही हे आधी कोणी ठरवायचे, याचे उत्तर त्यातून मिळाले नाही. पुष्कळांचा समज असा की पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा हे संरक्षण देतो. तो कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना (हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांहून जुन्या) पुरावस्तू मानतो. याखेरीज दिवंगत कलावंतांच्या निवडक कृतींना वेगळा दर्जा देण्याचीही त्यात सोय आहे, आणि राजा रविवर्मा व अमृता शेरगिल यांची चित्रे त्या दर्जामुळेच देशाबाहेर विकता येत नाहीत. पण निर्यातीवरची त्यातली बंदी केंद्र सरकार आणि त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणा सोडून इतर सर्वांना आहे. कायदा तस्करांविरुद्ध केलेला आहे, आणि त्या कामापुरता तो कडकही आहे. सरकारने स्वतः वस्तू पाठवायची ठरवली, तर तिला अडवणारे कलम त्यात नाही.

‘एए’ श्रेणी ही फट बुजवण्यासाठी वापरली जाते. हा शब्द त्या कायद्यातला नाही; ती प्रशासकीय वर्गवारी आहे. ज्या अधिकारात ती लावली जाते त्याच अधिकारात ती बाजूलाही ठेवता येते, आणि २०२२ मध्ये तसेच झाले. मंगोलियातील श्रद्धाळूंच्या दृष्टीने ते दर्शन मोलाचे होते, यात शंका नाही. तरीही ‘सहसा नाही’ आणि ‘कधीच नाही’ यांत किती अंतर आहे, हे संग्रहालयात वस्तू हाताळणाऱ्या माणसाला विचारावे. रवानगीआधीचा स्थिती-अहवाल तोच लिहितो, जुन्या-नव्या प्रत्येक चिरेचे छायाचित्र तोच घेतो, आणि पोहोचलेली पेटी तिथल्या हवेला सरावेपर्यंत उघडू नये म्हणून तिच्याजवळ थांबतोही तोच. निर्णयाच्या कागदावर त्याचे मत कोणत्या टप्प्यावर आणि किती वजनाने नोंदवले जाते, यावर वस्तूचे भवितव्य अवलंबून असते.

गेल्या काही वर्षांत सरकारी भर मूर्तींकडून अवशेषांकडे वळला आहे. २०२४ मध्ये बुद्धाचे आणि त्याच्या दोन प्रमुख शिष्यांचे अवशेष थायलंडला नेले गेले, तेव्हा दर्शनाला लाखो लोक आले. संग्रहालयांची मोठी प्रदर्शनेही थांबलेली नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या आरंभीच्या बौद्ध कलेच्या प्रदर्शनात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती होती. रोमशी असलेल्या जुन्या व्यापाराची साक्ष म्हणून तिला तिथे स्थान मिळाले. अशी वस्तू लहान असली तरी तिच्या जाण्यायेण्याचे नियम यक्षीहून वेगळे असण्याचे कारण नाही, आणि ते नियम आजही कायद्यात नसून फायलीवरच्या शेऱ्यात आहेत.