अनिश्चित काळातलं ख्रिस्ती नेतृत्व (नागपूर)

पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नाही, साथ आलीय, राज्य बदलतंय, घरातली नोकरी गेलीय किंवा चर्चमध्येच फूट पडायची वेळ आलीय, अशा काळात मंडळीला (म्हणजे चर्चच्या लोकांना) धरून ठेवायचं जे काम पाळक, बिशप (अनेक चर्चेसवरचा मुख्य धर्मगुरू), फादर, वडीलमंडळ (मंडळीने निवडलेले ज्येष्ठ) किंवा गल्लीत प्रार्थना घेणारी एखादी आजी करते, त्याला ढोबळमानाने अनिश्चित काळातलं ख्रिस्ती नेतृत्व म्हणतात. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी "पाळक" हा शब्द इतका रुळलाय की त्यातला मेंढपाळ आपल्याला दिसतच नाही. पण बायबलमधलं स्तोत्र 23 आठवा, कुठल्याही मयताच्या घरी ते वाचतातच, त्यात मेंढपाळ अंधाराची दरी गायब करत नाही, त्या दरीतून सोबत चालतो. सगळी कल्पना तिथूनच येते.

बायबलमधलं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला वाटतं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला चाललाय, जहाजावर 276 माणसं, चौदा दिवस वादळ, ना सूर्य दिसतो ना तारे, आणि भीतीने कोणी नीट जेवलेलं नाही. जहाज पौलाचं नाही, हुकूम त्याचा चालत नाही, आधी त्याने सांगितलं होतं पुढे जाऊ नका तेही कोणी ऐकलं नव्हतं. तो दोन गोष्टी सांगतो, जहाज जाईल पण जीव कोणाचाच जाणार नाही, आणि मग सगळ्यांसमोर भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. त्याला पाहून बाकीचेही जेवतात. शेवटी जहाज फुटतंच, कोणी पोहत कोणी फळकुटांवर, पण सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. म्हणजे नुकसान होणार हे लपवलं नाही आणि लोकांना उपाशीही ठेवलं नाही, पुढारपण म्हणतात ते हेच.

उलटं उदाहरण यिर्मयाच्या पुस्तकात आहे. यहुदी लोक बाबेलला (बॅबिलोनला) कैद होऊन गेलेले, हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो दोन वर्षांत सगळं परत येईल, आणि यिर्मया, तोही संदेष्टाच, पत्र लिहितो की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. हनन्याचं बोलणं कोणालाही आवडेल, आजही "देवाने मला दाखवलंय, या महिन्यात सगळं सुटेल" असं स्टेजवरून सांगणारे मिळतात आणि त्यांच्या सभा भरतात, पण महिना संपला की आजारी माणसाच्या उशाशी बसायला पाळकालाच यावं लागतं.

नागपूरचा इतिहास या बाबतीत खरंच बघण्यासारखा आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं, 1846 ला शाळा काढली, 1854 मध्ये ते राज्यच खालसा झालं, मग 1857 आलं, आणि शाळा चालूच राहिली. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात ते बुडून गेले, वय 46 सुद्धा पूर्ण नव्हतं. कामाचं काय होणार असं तेव्हा नक्कीच वाटलं असेल. वीस वर्षांनी, 1883 मध्ये, त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं, म्हणजे मधली वीस वर्षं कोणीतरी रोज वर्ग उघडत होतं, त्या माणसांची नावं आपल्याला सहसा पाठ नसतात आणि ती असायला हवीत असं मनापासून वाटतं.

दुसरा मोठा प्रसंग 29 नोव्हेंबर 1970 चा, सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) इथे स्थापन झालं, सहा चर्चेस एक झाली. बोलणी 1929 पासून चालू होती, म्हणजे ज्यांनी सुरुवात केली त्यातल्या कित्येकांनी शेवट पाहिलाच नाही. भांडण साधं नव्हतं, कोणाकडे बिशप कोणाकडे वडीलमंडळ, कोणी बाळाला बाप्तिस्मा देतं, कोणी म्हणतं मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल केल्यावरच, शेवटी दोन्ही पद्धती ठेवायचं ठरलं. आणि ऐनवेळी मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया बाहेर पडलं. इतकी मोठी मंडळी गेल्यावर कार्यक्रमच पुढे ढकला म्हणणं सोपं होतं, पण जे आले त्यांना घेऊन एकत्र यायचं ठरलं. कॅथलिकांकडे रचना वेगळी, नागपूर डायोसीस (बिशपच्या हाताखालचा प्रांत) 1887 ची, 1953 पासून आर्चडायोसीस (आर्चबिशपचा प्रांत), तिथे निर्णयाचा शेवट आर्चबिशपकडे जातो.

अलीकडचं म्हणजे कोविड. 2020 ला झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) 5 एप्रिलला आणि ईस्टर 12 एप्रिलला आला, दोन्हीही बंद दारामागे. घरी बसून मोबाईलसमोर प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी) घेता येतं का यावर जगभर चर्चा झाली, एकच उत्तर निघालं नाही आणि ज्याने त्याने आपल्या चर्चच्या शिस्तीप्रमाणे केलं. जास्त कठीण मयती होत्या, वीस माणसांची मर्यादा, त्यातही घरचेच क्वारंटाईन.

प्रत्यक्षात हे नेतृत्व दिसतं ते मात्र कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरच्या प्रार्थनासभेत. संध्याकाळी कोणाच्या तरी हॉलमध्ये शेजाऱ्यांच्या खुर्च्या मागवून पंधरा-वीस जण बसतात, एक गीत, एक वचन, आणि मग प्रार्थनेचे विषय, पोराची परीक्षा, बायोप्सीचा रिपोर्ट, काँट्रॅक्ट संपून राहिलंय. पाळकसाहेब सल्ला फारसा देत नाहीत, वहीत नावं लिहून घेतात आणि पुढच्या आठवड्यात आल्या आल्या आधी तीच नावं विचारतात.