पंखा आणि झोका: नियतकालिक गती व आंदोलित गती यांत फरक काय?

छताचा पंखा आणि अंगणातला झोका, दोघांचीही गती पुन्हा पुन्हा तीच होते. तेवढ्यावरून बरेच विद्यार्थी दोन्हींना 'आंदोलित' ठरवून मोकळे होतात.

नियतकालिक गतीची अट फक्त वेळेची आहे. ठरावीक काळाने वस्तू पुन्हा त्याच जागी, त्याच वेगाने, त्याच दिशेला जाताना सापडली की झालं. वाट गोल असो वा वेडीवाकडी. मिनिटकाटा 60 मिनिटांत फेरी पुरी करतो, पृथ्वी सुमारे 365.25 दिवसांत. पण मागे कोणीच वळत नाही.

आंदोलनाला मध्य लागतो. झोका बाजूला ओढून सोडला की गुरुत्वाकर्षण त्याला मध्याकडे आणतं. मध्यावर पोचतो तेव्हा त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून तो तिथे न थांबता पलीकडे जातो. टोकाला क्षणभर वेग शून्य होतो आणि दिशा उलटते. या मध्याला समतोल स्थिती म्हणतात. शंका आली तर एवढंच विचारावं: गती संपल्यावर वस्तू कुठे थांबेल? झोका दर वेळी तळाशीच थांबतो. वीज गेल्यावर पंख्याचं पातं मात्र कुठेही थांबू शकतं.

'प्रत्येक आंदोलित गती नियतकालिक असते' हे वाक्य मला सरसकट शिकवलेलं आवडत नाही. घर्षण नाही असं धरलं तर ते खरं. प्रत्यक्षात झोका दर फेरीला थोडा कमी उंच जातो, म्हणजे आधीची स्थिती हुबेहूब परत येतच नाही.

या दोन गतींचं नातं सर्वांत सुंदर दिसतं ते गुरूच्या चंद्रांत. जानेवारी 1610 मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून गुरूच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ एका रेषेत, ठिपके जागा बदलताना दिसले. आयो हा चंद्र गुरूभोवती जवळपास वर्तुळात, सुमारे 1.77 दिवसांत फिरतो. ही गती नियतकालिक आहे, आंदोलित नाही. पण आपण ती कक्षा जवळजवळ कडेने पाहतो, त्यामुळे आयो गुरूच्या या बाजूकडून त्या बाजूला झुलताना दिसतो. एकसमान वर्तुळाकार गती अशी कडेने पाहिली की जे दिसतं, त्याचं गणित सरल हरात्मक गतीचं, म्हणजे सर्वांत साध्या प्रकारच्या आंदोलनाचं, असतं.

इथे दुसरा गोंधळ होतो: प्रत्येक आंदोलन सरल हरात्मक नसतं. त्यासाठी मध्याकडे खेचणारं बल मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढायला हवं. आदर्श स्प्रिंगचं तसं असतं. लंबकाचं तसं फक्त लहान कोनांपुरतं, तेही अंदाजे. 1 मीटर लांबीच्या लंबकाला एका आंदोलनाला सुमारे 2 सेकंद लागतात. तोच मध्यापासून 60 अंशांवरून सोडला तर सुमारे 7 टक्के जास्त. गती आंदोलित राहते, घर्षण सोडलं तर नियतकालिकही राहते, पण आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, झोक्याच्या आवाक्यानुसार बदलतो.

घड्याळाला हे परवडत नाही. 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ घडवणाऱ्या डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी पुढे सिद्ध केलं की लंबकाचा गोळा वर्तुळाच्या कंसाऐवजी चक्रज या वक्रावरून (घरंगळणाऱ्या चाकाच्या कडेवरचा एक बिंदू जी वाट काढतो ती) गेला तर आवाका कितीही असो, आवर्तकाल तोच राहतो. ही सिद्धता त्यांनी 1673 च्या ग्रंथात छापली, आणि लंबकाची दोरी दोन वक्र पट्ट्यांमध्ये टांगून ती घड्याळात उतरवलीही.