रॉकर आवळणी आणि टॅपेट सेटिंग : इंजिन कामाला गाडी देताना एवढं वाचा

इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, बसलं की सांगली-मिरजेतनं फोन सुरू होतात, आता काय राहिलंय, नट तर आवळायचेत ना. हो, नटच आवळायचेत, पण तेवढ्यासाठी आम्ही गाडी अजून एक रात्र ठेवून घेतो, का ते सांगायला हा कागद.

कॅम (उंचवटे असलेला फिरता दांडा) रॉकरचं, म्हणजे मधे टेकून झुलणाऱ्या तुकड्याचं, एक टोक उचलतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह (हवा आत, धूर बाहेर सोडणारी झडप) दाबून उघडतं. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, म्हणून मधे बारीक फट सोडावी लागते, तिलाच टॅपेट क्लिअरन्स म्हणतात. बऱ्याच इंजिनांना ती 0.15 ते 0.40 मिमीच्या आसपास असते, एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणारा) बहुतेक इनटेकपेक्षा (हवा आत घेणारा) जास्त कारण तो जास्त तापतो. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच, अंदाजानं नाही.

आता आवळणी. रॉकर शाफ्ट, म्हणजे रॉकर ज्यावर झुलतात ती दांडी, ठेवला की कुठले ना कुठले व्हॉल्व्ह दाबलेलेच असतात, स्प्रिंगा शाफ्टला वर ढकलत असतात, अशा वेळी एका टोकाचा बोल्ट आधी पूर्ण आवळला तर शाफ्ट वाकतो नाहीतर पुशरॉड (कॅमचा रेटा रॉकरला पोचवणारी काडी) वाकतो, म्हणून मॅन्युअलमधल्या क्रमानं, नसेल तर मधनं कडेला, सगळे बोल्ट थोडे थोडे फिरवत खाली आणायचे आणि शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना. घाई इथंच नडते.

मग फट. ज्याची मोजायची तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद पाहिजे. एका ओळीत चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह असतील तर आमची जुनी युक्ती, व्हॉल्व्हना ओळीनं 1 ते 8 आकडे धरायचे आणि बेरीज 9. आठवा पूर्ण दाबलेला असला की पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला असला की तिसरा. फिलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांचं माप) पाती फटीत घालून ओढली की हलकं धरल्यासारखं वाटलं पाहिजे, अडकायला नको आणि सुळकन निसटायलाही नको. फटीचा स्क्रू पक्का धरणारा लॉक नट आवळताना स्क्रू सोबत थोडा फिरतो आणि फट कमी होते, म्हणून नट आवळल्यावर परत पाती घालायचीच. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर पाती त्याच्यावर पुलासारखी टेकते आणि खरी फट मोजलीच जात नाही, असा रॉकर आम्ही बदलायलाच सांगतो.

मागं तासगावकडची एक गाडी आली होती. दुसरीकडं कुणीतरी टकटक बंद करायला टॅपेट घट्ट करून दिले होते, आवाज अगदी गप, मालक खूश. महिन्याभरात खंबाटकी घाटात गाडी ओढेना. हेड काढलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड भाकरीचा घास मोडावा तशी खाल्लेली. व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधली त्याची बैठक) टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमधे जाते, फटच नसली तर तो पूर्ण टेकत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि व्हॉल्व्ह जळतो. एवढं हळहळलो त्या दिवशी, नवीन हेडकाम वाया. म्हणून बारीक टिकटिक ऐकू आली तर रस्त्यात कुठंही आवळून घेऊ नका, आमच्याकडं आणा. आवाज मोठा असेल तर मात्र लगेच आणा, फट जास्त झाली की रॉकर आणि कॅम झिजतात.

सीएनजीवाल्यांनी जास्त लक्ष द्या. कोरड्या गॅसवर सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आवाज न करता कमी होत जाते.

हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे ऑइलच्या दाबानं फट आपोआप भरून काढणारे, असलेल्या बऱ्याच गाड्यांत फट सेट करायची नसते, तिथं फक्त आवळायची पद्धत आणि टॉर्क. सुरुवातीला थोडा वेळ आवाज आला तर घाबरू नका, आत ऑइल भरलं की जातो.

आता ती रात्र. इंजिन पहिल्यांदा चालू करून पूर्ण गरम करतो, मग रात्रभर गार होऊ देतो आणि सकाळी गार इंजिनवर सगळ्या फटी परत मोजतो, कारण नवीन गॅस्केट दबतं आणि भाग जागेवर बसतात. आकडे एका कार्डावर लिहून देतो, ते गाडीतच ठेवा. 1000 किमी झाले की परत तपासायला आणा, आदल्या संध्याकाळी सोडून जा, सकाळी चालवत आणली तर इंजिन गरम असतं, आल्या आल्या मोजता येत नाही.