वाद तापतो कुठे?

चार पत्ते समोर ठेवलेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला अंक. तुम्हाला दिसतायत अ, क, ४ आणि ७. दावा असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतोच. तो तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील?

बहुतेक जण ‘अ’ आणि ‘४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’. चारच्या पाठीमागे क निघाला तरी दाव्याला धक्का लागत नाही. सातच्या पाठीमागे स्वर निघाला, की तो कोसळतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं हे १९६६ सालचं कोडं एकट्याने सोडवायला बसलं, तर दहातल्या जेमतेम एकाला सुटतं. १९९८ साली मोशमन आणि गाइल या संशोधकांनी ते विद्यार्थ्यांच्या पाच-सहा जणांच्या गटांना दिलं आणि आपसात चर्चा करू दिली. चारपैकी तीन गटांना उत्तर सापडलं.

म्हणजे वाद घातला की डोकी चालतात. ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर यांनी २०११ साली तर असंच मांडलं, की माणसाची तर्कबुद्धी मुळात दुसऱ्याला पटवायला आणि दुसऱ्याचं म्हणणं तपासायला घडली. स्वतःच्या युक्तिवादातली भोकं दिसत नाहीत, समोरच्याची चटकन दिसतात. हा सिद्धान्त सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, पण चर्चागटात थोडे दिवस काढलेल्या कुणालाही त्याचा दुसरा भाग नाकारता येणार नाही.

मग इच्छास्वातंत्र्य (आपण निर्णय खरंच मोकळेपणी घेतो का), ईश्वर, जाणीव असे विषय निघाले की ऑनलाइन गटातली चर्चा इतक्या लवकर मुद्द्यावरून गुद्द्यावर का येते? एक कारण उघड आहे. पत्ता उलटला की वाद मिटतो. तत्त्वज्ञानात उलटायला पत्ताच नसतो. शिवाय पत्त्यांशी कुणाची ओळख जोडलेली नसते. २०१६ साली जोनास कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी ठाम राजकीय मतं असलेल्या ४० जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग करताना त्यांच्या मतांविरुद्ध युक्तिवाद दाखवले. ‘विजेचा दिवा एडिसनने शोधला’ यासारख्या विधानांवरचा विश्वास डळमळला, राजकीय मतं जवळपास होती तिथेच राहिली. त्या वेळी मेंदूतले जे भाग जास्त सक्रिय झाले, त्यांत स्वतःविषयी विचार करताना कामाला लागणारे भाग होते. ईश्वराविषयीचं मत काय किंवा नैतिकतेविषयीचं काय, त्याच जातीचं.

दुसरं कारण लेखी भाषेचं. ‘तुम्ही लेख पूर्ण वाचला असेल असं धरून चालतो.’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोक्यात साध्या सुरात वाजत असतं. वाचणाऱ्याला ते टोमण्यासारखं बोचतं. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हे मोजलं. काही वाक्यं उपरोधाने, काही सरळ, अशी ईमेलने पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांना वाटत होतं, की समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा सूर बरोबर कळेल. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा कळला, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा फार बरं नाही. आवाजातून तीच वाक्यं ऐकवली तेव्हा ७३ टक्के वेळा कळला.

‘खऱ्या नावाने लिहायला लावा, आपोआप सुधारतील’ हा उपाय सगळ्यांना सुचतो. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. इस्रायलमधल्या लापिडॉट-लेफ्लर आणि बाराक यांनी २०१२ च्या प्रयोगात निनावीपणा, न दिसणं आणि नजरानजर नसणं या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या. शिवीगाळीमागे सर्वांत मोठा वाटा नजरानजर नसण्याचा निघाला.

आणि भांडणारी माणसं वेगळ्या जातीची असतात हाही समज टिकत नाही. जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या प्रयोगात मूड चांगला आणि आधीच्या प्रतिक्रियाही सभ्य असताना ३५ टक्के लोकांनी त्रासदायक लिहिलं. मूड बिघडवला आणि आधीच्या प्रतिक्रियाही खवचट ठेवल्या, तेव्हा ६८ टक्क्यांनी. माणसं साधीच होती, फक्त मूड आणि आधी काय वाचलं ते बदललं. म्हणून गटाच्या संचालकाने पहिले पाच-सात प्रतिसाद डोळ्यांत तेल घालून बघावेत. पन्नासाव्या प्रतिसादाला कुलूप लावून काही साधत नाही.

सभेचा हा परिणाम जुन्या वादशास्त्राला चांगला ठाऊक होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी याचं सविस्तर विवेचन आहे. संधाय संभाषा म्हणजे सलोख्याची, विगृह्य संभाषा म्हणजे जिंकण्या-हरण्याची. पण तिथे प्रतिस्पर्ध्याबरोबर श्रोत्यांचीही पारख करायला सांगितली आहे: सभा जाणती की मूढ, स्नेहाची, तटस्थ की आधीच विरोधात गेलेली? विरोधात गेलेल्या सभेत कुणाशीही वाद घालू नये, असा स्पष्ट सल्ला आहे. ऑनलाइन गटात नेमकी ही सोय नसते. लिहिणारा एकाला उत्तर देतो आणि शंभर जण वाचतात, त्यातले कोण कुठल्या बाजूचे ते कळत नाही. मग उत्तर हळूहळू प्रेक्षकांसाठी लिहिलं जातं. दोघांना बाजूला नेऊन बोलायला सांगितलं, की निम्मा आवेश गळतो, तो यामुळेच असावा.

नियमांचं काय? ते असावेत, आणि दिसावेत. नेथन मटायस यांनी रेडिटवरच्या विज्ञानविषयक गटात २,१९० चर्चांवर प्रयोग केला. काही चर्चांच्या माथ्यावर नियम चिकटवले, काहींवर नाही. नियम दिसत होते तिथे नवख्यांच्या नियम पाळण्याचं प्रमाण आठ टक्केबिंदूंहून जास्त वाढलं, हे अपेक्षितच. गंमत म्हणजे नवख्यांचा सहभागही सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम लावले की लोक पळतील, ही भीती निदान तिथे तरी खोटी ठरली.

नुसतं ‘सभ्य भाषा वापरा’ लिहून मात्र तत्त्वचर्चेचं भागत नाही. तिथे खरं नुकसान अतिशय सभ्य भाषेत होतं: समोरच्याच्या म्हणण्याचं दुबळं रूप उभं करायचं आणि तेच पाडायचं. ‘म्हणजे तुमच्या मते गुन्हेगाराला शिक्षाच नको!’ यात एकही अपशब्द नाही. इच्छास्वातंत्र्य नाकारणारा असं म्हणालेलाच नसतो. यावरचा उपाय जुना आहे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडायचा, मग खंडन. गटात याचा साधा नियम करता येतो. ज्याचं खंडन करायचं त्याचं म्हणणं दोन वाक्यांत लिहा, आणि ‘हो, मला हेच म्हणायचं आहे’ असं त्याच्याकडून आल्यावरच पुढे जा. वेग मंदावतो, प्रतिसाद घटतात. घटू द्यावेत.

थांबायचं कधी, यावरही थोडी माहिती हाती आहे. मतं बदलण्यासाठीच काढलेल्या एका इंग्रजी गटातल्या चर्चा कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली तपासल्या. थोडी उलटसुलट चर्चा फायद्याची ठरत होती, पण दोघांमध्ये पाच फेऱ्या झाल्यावर मत बदलल्याची कबुली जवळपास मिळतच नव्हती. आपलं मत मांडताना जे ‘मी’ म्हणत, ते ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त बदलत. अर्थात हे निरीक्षण आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. आणि मोजदाद फक्त उघड कबुलीची आहे. गप्प राहून वाचणाऱ्यांचं काय झालं ते त्यात येत नाही. पण सहाव्या फेरीत संचालकाने दोघांना एकेक शेवटचं टिपण मागून धागा बंद केला, तर त्याला हुकूमशहा म्हणायचं कारण नाही.