न्याय्य व्यापाराची कॉफी

न्याय्य व्यापाराची कॉफी : पिकवणाऱ्याला परवडणारा भाव, मजुराला सक्तीविना काम व रास्त मजुरी, आणि लागवडीसाठी जंगलतोड नाही, एवढ्या गोष्टींची खातरजमा करून कॉफी विकत घेण्याची प्रथा. काटेकोर अर्थाने ही संज्ञा हमीभाव देणाऱ्या प्रमाणन-पद्धतीपुरतीच आहे. रूढ वापरात मात्र पर्यावरणविषयक शिक्के आणि भाजणाऱ्यांनी शेतकऱ्यांकडून केलेली थेट खरेदीही तिच्यात मोडते.

प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो ब्रिटनमधील १७९१ च्या सुमारास सुरू झालेल्या साखरेवरील बहिष्कारात शोधतात; गुलामांच्या श्रमातून आलेली साखर तेव्हा अनेक कुटुंबांनी सोडली होती. परंतु तो मुख्यतः नकार होता आणि उत्पादकाला अधिक मोल देण्याची व्यवस्था त्यात नव्हती. दुसरे मत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पर्यायी व्यापाराकडे बोट दाखवते. एडना रूथ बायलर यांनी १९४६ मध्ये प्वेर्तो रिकोतील स्त्रियांचे भरतकाम अमेरिकेत विकण्यास प्रारंभ केला. या परंपरेत कॉफी आली ती १९७३ च्या सुमारास, ग्वातेमालातील छोट्या शेतकऱ्यांचा माल नेदरलँड्समध्ये विकला जाऊ लागला तेव्हा. मात्र ती ठरावीक दुकानांतच मिळे. तिसरे मत १९८८ हे वर्ष धरते. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेबरोबर काम करणारे धर्मगुरू फ्रान्स फान डर होफ आणि नेदरलँड्समधील निको रोझेन यांच्या पुढाकाराने त्या वर्षी ‘माक्स हावेलार’ हा शिक्का निघाला. जावातील वसाहती पिळवणुकीवर प्रहार करणाऱ्या, १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच कादंबरीच्या नायकाचे हे नाव होय. अटी पाळणाऱ्या कोणाही व्यापाऱ्याच्या पाकिटावर तो लागू शकत असल्याने ही कॉफी नेहमीच्या किराणा दुकानात पोहोचली. रोजच्या ग्राहकाच्या दृष्टीने हेच खरे आरंभवर्ष मानणे अधिक सयुक्तिक वाटते. निरनिराळ्या देशांतील अशा शिक्क्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९७ मध्ये स्थापन झाली.

हमीभावाची निकड बाजाराच्या इतिहासातून कळते. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने निर्यातीचे कोटे ठरवून भाव सावरून धरले होते. जुलै १९८९ मध्ये ही कोटापद्धती कोलमडली आणि भाव घसरले. २००१ च्या सुमारास अरेबिका या कॉफीच्या जातीचा न्यूयॉर्क वायदेबाजारातील भाव पाउंडाला ५० सेंटच्याही खाली गेला, म्हणजे अनेक ठिकाणी उत्पादनखर्चही निघेना. न्याय्य व्यापाराच्या पद्धतीत धुतलेल्या (पाण्याच्या साह्याने गर काढलेल्या) अरेबिकाचा किमान भाव २०११ पासून पाउंडाला १.४० डॉलर होता. ऑगस्ट २०२३ पासून तो १.८० डॉलर झाला. बाजारभाव याहून चढा असल्यास तोच द्यावा लागतो. शिवाय पाउंडामागे २० सेंटचे अधिमूल्य, म्हणजे भावाखेरीजची जादा रक्कम, सहकारी संस्थेला मिळते व त्याचा विनियोग सभासद ठरवतात. येथे एक तपशील सहसा नजरेआड होतो. हा भाव निर्यातीच्या टप्प्यावरचा, हिरव्या म्हणजे न भाजलेल्या दाण्यांचा असून तो संस्थेच्या हाती पडतो. गर काढणे, वाळवणे, टरफल काढणे, वाहतूक व कर्जफेड वजा जाता उरेल ते शेतकऱ्याचे. एक किलो हिरव्या दाण्यांना साधारण पाच-सहा किलो फळे लागतात आणि भाजताना वजन आणखी घटते.

तोडणी करणारा मजूर या हिशेबात मागे राहतो. एकाच फांदीवर लाल, पिवळी व हिरवी फळे एकत्र असतात, त्यामुळे नुसती पिकलेली वेचायची तर त्याच झाडाकडे हंगामात अनेकदा फिरावे लागते. मजुरी मात्र बहुधा टोपलीच्या वजनावर ठरते. कॉफीसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेचा हमीभावाचा शिक्का छोट्या उत्पादकांच्या संस्थांनाच मिळतो, त्यामुळे मोठ्या मळ्यांवरील मजूर त्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांना आत घ्यावे की नाही, हा २०११ मध्ये अमेरिकेतील संघटना आंतरराष्ट्रीय संघटनेपासून फुटण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होता. प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही : ब्राझील सरकार गुलामीसदृश स्थितीत माणसे राबवणाऱ्यांची जी यादी प्रसिद्ध करते, तीत कॉफीचे मळेही आढळले आहेत.

इतर शिक्क्यांत १९८७ मध्ये स्थापन झालेल्या व २०१८ मध्ये ‘युट्झ’ या दुसऱ्या प्रमाणन-संस्थेशी एकत्रित झालेल्या ‘रेनफॉरेस्ट अलायन्स’चा शिक्का सर्वपरिचित आहे. त्याचा भर शेतीपद्धती, जंगल व कामाच्या अटींवर आहे. ठरावीक किमान भाव त्यात नाही. स्मिथसोनियन संस्थेची पक्षिस्नेही कॉफी सेंद्रिय आणि वृक्षांच्या सावलीत वाढलेली असावी लागते. ‘थेट व्यापार’ या शब्दांना सर्वमान्य निकष नाहीत, म्हणून त्यांची विश्वासार्हता विक्रेता काय उघड करतो यावर ठरते. पाकिटावर उत्पादक संस्थेचे नाव, हंगामाचे वर्ष आणि हिरव्या दाण्यांना दिलेला भाव असेल, तर त्याला ‘१०० टक्के अरेबिका’ यासारख्या मजकुरापेक्षा कितीतरी अधिक अर्थ आहे. अरेबिका ही निव्वळ जात आहे. प्रमाणित मालाचा मोठा भाग गिऱ्हाईक नसल्याने साध्या भावाने विकावा लागतो, ही शेतकरी संस्थांची जुनी तक्रार असून ती रास्त आहे.

यूरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरील कॉफी तेथील बाजारात विकता येणार नाही. त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडत आली आहे. प्रत्येक शेताचे भौगोलिक स्थान नोंदवण्याचे ओझे एक-दोन एकरांच्या शेतकऱ्यावर पडू नये, हा त्यातील कळीचा मुद्दा आहे.