काळा कार्बन : उत्सर्जन-नियंत्रण धोरणे

लाकूड, गोवऱ्या, पिकांचे अवशेष, कोळसा, डिझेल व रॉकेल यांच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या काजळीत प्रकाश शोषणारे जे कार्बनकण असतात, त्यांना काळा कार्बन म्हणतात. तो वायू नसल्याने हरितगृह वायूंच्या यादीत येत नाही. १९९७ च्या क्योटो करारातील सहा वायू व वायुगटांतही तो नव्हता. हवेत तो काही दिवस, फार तर दोनेक आठवडे टिकतो. कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके राहतो. त्यामुळे काजळी थांबली की तिचा तापनपरिणाम लवकर ओसरतो, आधी साचलेला कार्बन डाय-ऑक्साइड मात्र तसाच राहतो. दोन्हींच्या कपातीचा हिशेब एकत्र मांडावा की वेगळा, हा या क्षेत्रातील मूळ वाद आहे.

तापनक्षमतेचा अंदाज : याबाबत आकडे बरेच बदलत आले आहेत. हवामानशास्त्रज्ञ रामनाथन व कारमायकेल यांनी २००८ मध्ये काळ्या कार्बनमुळे होणारे प्रारणीय प्रणोदन (पृथ्वीच्या ऊर्जासमतोलात पडणारा फरक) दर चौ. मी.ला सुमारे ०.९ वॉट धरले. बाँड व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या विस्तृत आढाव्यात बर्फ व ढगांवरील परिणाम धरून ते १.१ आले, पण अनिश्चितता ०.१७ ते २.१ इतकी रुंद होती. त्याच वर्षीच्या आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या (आयपीसीसी) पाचव्या अहवालात जीवाश्म व जैव इंधनांच्या काजळीच्या थेट परिणामासाठी ०.४ हा आकडा आहे. सहाव्या अहवालात (२०२१) प्रभावी प्रणोदन (ढग व हवेतील लगेच होणारे बदल धरून येणारे) ०.११ वर आले असून त्याची खालची मर्यादा शून्याच्याही खाली जाते. या घसरणीचे एक मुख्य कारण असे की, काजळीने हवेचा थर तापला की तेथील ढग व तापमानाची उभी रचना बदलते आणि तापनाचा काही भाग त्यातच खर्ची पडतो. निरनिराळ्या अहवालांतील आकडे एकाच व्याख्येचे नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते. मोजणीतही फरक आहेच : प्रकाशशोषणावरून काढलेली राशी आणि नमुना तापवून काढलेला मूलद्रव्यी कार्बन यांचा मेळ दर वेळी बसत नाही.

काजळी एकटी निघत नाही, ही आणखी एक अडचण. तिच्यासोबत सेंद्रिय कण व सल्फेट येतात आणि ते बहुतांशी थंडावा आणतात. डिझेलच्या धुरात काजळीचे प्रमाण जास्त, उघड्यावर जाळलेल्या काडीकचऱ्यात सेंद्रिय कणांचे. म्हणून हवामानाच्या दृष्टीने डिझेल इंजिने व रॉकेलच्या चिमण्या हे खात्रीचे लक्ष्य मानले जाते. काडीकचऱ्याबाबत तसे ठामपणे म्हणता येत नाही. एक टन काजळी म्हणजे किती टन कार्बन डाय-ऑक्साइड, याचे उत्तर २० वर्षांच्या मुदतीत सुमारे ३,२०० व १०० वर्षांच्या मुदतीत सुमारे ९०० असे बाँड व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या आढाव्यात आहे. इतका फरक पाहता काजळीतील कपात कार्बन डाय-ऑक्साइडच्या खात्यात वळती करणे अनेक अभ्यासकांना मान्य नाही, आणि ते रास्त वाटते. आरोग्याचा लाभ मात्र या वादावर अवलंबून नाही.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न : संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम व जागतिक हवामानशास्त्र संघटना यांनी २०११ मध्ये मिथेनविषयक ७ व काजळीविषयक ९ असे १६ उपाय सुचवले, त्यांतून शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे ०.५° से. तापमानवाढ टळेल, असा त्यांचा अंदाज होता. २०१२ मध्ये याच उद्देशाने हवामान व स्वच्छ हवा आघाडी स्थापन झाली. भारत तीत २०१९ मध्ये आला. युरोपातील हवाप्रदूषणविषयक गोथेनबर्ग कराराच्या २०१२ च्या दुरुस्तीत काजळीचा उल्लेख आला, परंतु तिच्यासाठी आकड्यांत मर्यादा नाही. मेक्सिको (२०१५) व चिली (२०२०) यांनी पॅरिस कराराखालील आपल्या बांधिलकीत काजळीचे स्वतंत्र लक्ष्य दिले, तेही हरितगृह वायूंपासून वेगळे.

भारत : २००२ मध्ये ‘आशियाई तपकिरी ढगा’चा (दक्षिण आशियावरील धुरक्याच्या थराचा) अहवाल आला, तेव्हा हवामानशास्त्रज्ञ जे. श्रीनिवासन व सुलोचना गाडगीळ यांनी त्यातील निष्कर्षांवर ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात टीका केली. हे धुरके मुख्यतः कोरड्या ऋतूतले असताना त्यावरून पावसाळ्याबद्दल ठाम विधाने करणे त्यांना पटले नाही. तापमानवाढीचा बोजा श्रीमंत देशांच्या मोटारींवरून गरिबांच्या चुलींवर सरकवला जाईल, ही शंकाही भारतीय चर्चेत तेव्हापासून आहे. पॅरिस कराराखालील भारताच्या लक्ष्यांत (२००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन-तीव्रतेत, म्हणजे देशाच्या दर एकक उत्पन्नामागील उत्सर्जनात, ४५ टक्के घट, हे लक्ष्य २०२२ मध्ये सुधारलेले) काळा कार्बन मोजला जात नाही.

प्रत्यक्षात काजळी घटवणारी धोरणे हवेची गुणवत्ता व इंधन यांच्या नावाने राबवली गेली. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराच्या ‘भारत स्टेज’ मानकांत ४ वरून थेट ६ वर उडी घेण्यात आली. डिझेलमधील गंधक ५० वरून १० भाग प्रतिदशलक्षावर आले आणि डिझेल मोटारींची कणमर्यादा किलोमीटरला २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर, एवढी मर्यादा पाळायची तर धुराड्यात कणगाळणी जवळजवळ अनिवार्यच ठरते. जुने ट्रक यातून सुटले. वीटभट्ट्यांसाठी फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने नागमोडी (झिगझॅग) किंवा उभ्या भट्टीची (व्हर्टिकल शाफ्ट) रचना अथवा नळाचा वायू बंधनकारक केला.

चुलींचा इतिहास याहून जुना. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला व २००२ मध्ये केंद्राने तो थांबवला. तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या होत्या, पण त्यांतील कित्येक लवकरच मोडल्या किंवा बाजूला पडल्या. २०१६ मध्ये बलिया (उत्तर प्रदेश) येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने भर गॅसवर दिला. तिच्या पहिल्या टप्प्यातील आठ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. जोडणी मिळाली तरी सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडेलच असे नाही, त्यामुळे अनेक घरांत चूल व गॅस दोन्ही चालू राहतात. जोडण्यांच्या संख्येवरून काजळीतील घट काढणे म्हणूनच योग्य नाही.

महाराष्ट्रात ऊसतोडीनंतर पाचट पेटवण्याची पद्धत हा काजळीचा हंगामी स्रोत आहे. खोडव्यात पाचट न जाळता सरीत कुजवावे किंवा त्याची कुट्टी करावी, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. जमिनीतील ओल व सेंद्रिय कर्ब वाढतो, हे शेतकऱ्याला त्यामागे दिसणारे कारण.